जुन्या मल्टिमीडिया कीबोर्डाच्या जादा कळा लिनक्सवर चालू कशा कराव्यात

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना मल्टिमीडिया कीबोर्ड आहे. त्याच्या कळा अजूनही हाताला मऊ आणि खात्रीच्या लागतात, त्यामुळे चवथीच्या आणि जत्रेच्या नाटकांच्या संहिता, पंचायतीला द्यायचे अर्ज आणि वाचनालयाची पुस्तकयादी हे सगळे टाइपकाम त्याच्यावरच होते. नेहमीच्या कळांच्या वरच्या बाजूला त्याला आणखी अठरा कळा आहेत. त्यांत आवाज कमी-जास्त करण्याच्या, गाणे चालू-बंद करण्याच्या, ईमेल, कॅल्क्युलेटर आणि ब्राउझर उघडण्याच्या कळा आहेत, तसेच कोपऱ्यात संगणक झोपवणारी एक कळही आहे. सोबत आलेली सीडी विंडोजच्या फार जुन्या आवृत्तीसाठी होती. संगणक लिनक्सवर नेल्यावर या कळांपैकी काही आपोआप चालू झाल्या आणि उरलेल्या मुक्या राहिल्या. त्या चालू करताना जे नीट समजले, ते असाच कीबोर्ड ज्यांच्याकडे पडून आहे त्यांच्यासाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

लेखातील आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची आहेत, म्हणून जिथे स्पेलिंगचा गोंधळ होऊ शकतो तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

कळ कुठे अडते ते आधी शोधावे

कळ दाबल्यापासून प्रत्यक्ष काम होईपर्यंत तिचा संकेत चार टप्प्यांतून जातो. कीबोर्ड प्रथम एक कच्चा क्रमांक पाठवतो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, त्या स्कॅनकोडला स्वतःच्या यादीतील कीकोड देते. उदाहरणार्थ, आवाज बंद करण्याचा कीकोड ११३, आवाज कमी करण्याचा ११४ आणि वाढवण्याचा ११५ आहे. तिसऱ्या टप्प्यावर पडद्याची व्यवस्था, म्हणजे एक्स-इलेव्हन किंवा वेलँड, त्या कीकोडला नाव देते आणि त्या नावाला कीसिम म्हणतात. शेवटी ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई यांसारखा डेस्कटॉप ते नाव पाहून ठरलेले काम करतो.

माझा आग्रह एकच आहे: संकेत यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडला आहे हे कळल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नये. जुन्या मार्गदर्शनांत लिनिकडी, कीटच, एक्समॉडमॅप अशा साधनांची नावे भेटतात आणि कीबोर्डाचे मॉडेल यादीतून निवडण्याचा सल्ला दिलेला असतो. त्या काळी ते उपाय योग्य होते, परंतु आता बहुतेक दुरुस्ती दुसऱ्या टप्प्यावर, एका छोट्या मजकूर-फाइलने होते, आणि ती केल्यावर वरचे टप्पे बहुधा आपोआप मार्गी लागतात.

त्याही आधी कीबोर्ड शरीराने धडधाकट आहे ना हे पाहावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते आणि किनाऱ्याजवळ ती इतकी खारट असते की कळांखालच्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवरील वाहक रेषा काळवंडून तुटतात. शेजारशेजारच्या कळांची आख्खी रांग एकाच वेळी गेली असेल, तर बहुतेकदा अशी एखादी सामाईक रेषा किंवा तिचा जोड गेलेला असतो आणि त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही. कीबोर्ड संगणकापासून काढून, उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने जोड हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा जोडू नये. रेषा जोराने घासली, तर उरलेलीही निघून येते.

जोडणीकडेही लक्ष द्यावे. जांभळ्या, गोल पीएस-टू पिनेचा कीबोर्ड असेल, तर तो संगणक बंद असताना लावावा, कारण ही जोडणी चालू संगणकावर काढ-घाल करण्यासाठी बनवलेली नाही. पीएस-टूचे यूएसबी करणारे स्वस्त रूपांतरक कधी कधी केवळ नेहमीच्या कळांचेच संकेत पुढे पाठवतात. त्यामुळे मदरबोर्डावर मूळ पीएस-टू जागा असेल, तर पहिली चाचणी तिथेच करावी. काही कीबोर्डांवर एफ-लॉक नावाची कळ असते आणि ती वरच्या एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह या कळांचा अर्थ कीबोर्डाच्या आतच बदलते. ती कोणत्या स्थितीत आहे ते पाहून मगच पुढची तपासणी करावी.

एव्हटेस्टने कळ ऐकणे

तपासणीसाठी एव्हटेस्ट हे छोटेसे साधन पुरेसे आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा या सर्व लिनक्स वितरणांत ते ई-व्ही-टी-ई-एस-टी याच नावाच्या पॅकेजने मिळते. टर्मिनलवर ‘सुडो एव्हटेस्ट’ ही आज्ञा दिली (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) की संगणकाला जोडलेल्या सर्व इनपुट उपकरणांची क्रमांकवार यादी दिसते आणि त्यांतून एक क्रमांक निवडायचा असतो.

बहुतेकांची पहिली चूक इथे होते. यूएसबी कीबोर्ड एकच असला, तरी यादीत तो अनेकदा दोन किंवा तीन नोंदींनी दिसतो. एक नोंद नेहमीच्या कळांची असते, दुसऱ्या नोंदीच्या नावाच्या शेवटी ‘कन्झ्युमर कंट्रोल’ आणि तिसऱ्याच्या शेवटी ‘सिस्टिम कंट्रोल’ असे शब्द असू शकतात. आवाजाच्या आणि गाण्याच्या कळा साधारणपणे कन्झ्युमर कंट्रोलमध्ये सापडतात, तर पॉवर आणि स्लीप या कळा सिस्टिम कंट्रोलमध्ये असतात. पहिल्याच नोंदीवर कळ दाबून काही दिसले नाही म्हणून ‘कळ मेली’ असा निष्कर्ष काढू नये. प्रत्येक नोंद निवडून प्रत्येक जादा कळ दाबून पाहावी आणि निकाल कागदावर टिपून ठेवावा. एव्हटेस्ट चालू असताना दाबलेली प्रत्येक कळ पडद्यावर उमटते, म्हणून त्या वेळी कोणताही पासवर्ड टाइप करू नये आणि तो मजकूर तपासल्याशिवाय कुणाला पाठवू नये.

कळ दाबल्यावर दोन महत्त्वाच्या ओळी येतात. ‘एमएससी-स्कॅन’ असे लिहिलेल्या ओळीत शेवटी स्कॅनकोड असतो, आणि ‘ईव्ही-की’ असे लिहिलेल्या ओळीत कर्नलने दिलेला कीकोड व त्याचे नाव असते. ब्राउझरचे मुखपृष्ठ उघडणारी कळ दाबली असता स्कॅनकोड सी०२२३ आणि कीकोड १७२, म्हणजे होमपेज, असे दिसले, तर पहिले दोन टप्पे निर्धोक आहेत असे समजावे. यूएसबी कीबोर्डांवर या स्कॅनकोडांना ठरलेला अर्थ असतो. सुरुवातीचा सी हा यूएसबीच्या मानकातील ‘कन्झ्युमर’ या प्रकरणाचा क्रमांक आहे आणि पुढचे आकडे त्यातील विशिष्ट कळ सांगतात: आवाज वाढवणारी ई९, कमी करणारी ईए, कॅल्क्युलेटर १९२, ईमेल १८ए. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या यूएसबी कीबोर्डाच्या या कळा कोणताही ड्रायव्हर न घालता चालतात.

येथून तीन शक्यता उरतात. स्कॅनकोड आणि योग्य कीकोड दोन्ही दिसत असतील, तर अडचण वरच्या टप्प्यांवर, म्हणजे डेस्कटॉपमध्ये आहे. स्कॅनकोड दिसतो पण कीकोड दिसत नाही, किंवा तो २४०, म्हणजे ‘अननोन’ असा दिसतो, तर कर्नलला कळ ऐकू येते पण तिचा अर्थ कळत नाही. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त आढळणारी अवस्था आहे. कोणत्याही नोंदीवर काहीच उमटत नसेल, तर कळ खरोखर बिघडलेली आहे किंवा कीबोर्ड तो संकेत उत्पादकाच्या खास भाषेत पाठवतो आणि त्यासाठी कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो. या शेवटच्या प्रकारात सामान्य वापरकर्त्याने फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

कर्नलला अर्थ शिकवणारी फाइल

अनोळखी स्कॅनकोडला कीकोड देण्याचे काम यूडेव्ह नावाच्या व्यवस्थेकडे असते आणि तिच्या नोंदवहीला एचडब्ल्यूडीबी म्हणतात. आपली नोंद ठेवण्याची जागा ‘ईटीसी’ या मुख्य फोल्डरातील ‘यूडेव्ह’ आणि त्यातील ‘एचडब्ल्यूडीबी डॉट डी’ ही आहे. तिथे ‘७०-कीबोर्ड डॉट एचडब्ल्यूडीबी’ नावाची नवी मजकूर-फाइल तयार करावी. वितरणासोबत येणारी मूळ फाइल ६० या अंकाने सुरू होते. आपला अंक तिच्याहून मोठा असल्यामुळे आपल्या नोंदी तिच्यावर मात करतात. मूळ फाइलमध्ये मात्र कधीही बदल करू नये, कारण पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला जातो.

फाइलमधील पहिली ओळ कीबोर्डाची ओळख सांगते आणि त्यासाठी लागणारे आकडे एव्हटेस्टच्या अगदी सुरुवातीच्या ओळीत बस, व्हेंडर आणि प्रॉडक्ट या शब्दांपुढे दिलेले असतात. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये आणलेला नॅचरल अर्गोनॉमिक कीबोर्ड ४००० अजूनही अनेकांकडे आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. त्याची बस ३, म्हणजे यूएसबी, व्हेंडर ०४५ई आणि प्रॉडक्ट ००डीबी आहे. त्याच्या मधोमध असलेली झूमची पट्टी वर ढकलल्यास सी०२२डी आणि खाली ओढल्यास सी०२२ई असा स्कॅनकोड येतो. ही पट्टी पान वर-खाली सरकवण्यासाठी वापरायची असेल, तर फाइलमध्ये पुढील तीन ओळी येतील:

एव्हडेव्ह:इनपुट:बी०००३व्ही०४५ईपी००डीबी*
 कीबोर्ड_की_सी०२२डी=पेजअप
 कीबोर्ड_की_सी०२२ई=पेजडाउन

या ओळी लिहिताना काही बारकावे पाळावेच लागतात, कारण चूक झाल्यास ती ओळ लागूच होत नाही. पहिल्या ओळीची सुरुवात ई-व्ही-डी-ई-व्ही या शब्दाने, लहान अक्षरांत होते. बी, व्ही आणि पी ही खुणेची अक्षरे लहान असतात, परंतु त्यांच्या पुढच्या क्रमांकांतील ए ते एफ ही अक्षरे मोठी लिहावी लागतात आणि प्रत्येक क्रमांक चार अंकी करावा लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडणे बंधनकारक आहे. त्या ओळींतील ‘कीबोर्ड’ व ‘की’ हे शब्द मोठ्या अक्षरांत, स्कॅनकोड लहान अक्षरांत, आणि बरोबरच्या चिन्हानंतरचे कळेचे नाव लहान अक्षरांत व सलग लिहावे. माझी पहिली संध्याकाळ सुरुवातीची मोकळी जागा राहून गेल्यामुळे वाया गेली होती, म्हणून हे इतक्या तपशिलाने सांगत आहे.

फाइल जतन केल्यावर ‘सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर’ अशा दोन आज्ञा द्याव्यात. पुन्हा एव्हटेस्ट चालवून तीच कळ दाबली की नवा कीकोड दिसला पाहिजे. पुढे एखादी ओळ काढून टाकली, तर या दोन आज्ञांनी जुना अर्थ आपोआप परत येत नाही. कीबोर्ड काढून पुन्हा जोडावा किंवा संगणक पुन्हा सुरू करावा.

पीएस-टू कीबोर्डांसाठी थोडे वेगळे

पीएस-टू कीबोर्डावरील अनोळखी कळेबद्दल कर्नल स्वतःच सांगते. ‘सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू’ ही आज्ञा, जिचे स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी आहे, चालू ठेवून कळ दाबली की अनोळखी कळ दाबली गेल्याची आणि तिच्या क्रमांकाची ओळ उमटते, आणि त्याखाली ‘सेटकीकोड्स ई००५’ अशा धर्तीची सूचनाही येते. ‘सुडो सेटकीकोड्स ई००५ १४८’ अशी आज्ञा देऊन त्या कळेला १४८ हा कीकोड लगेच देता येतो. मात्र हा बदल संगणक बंद होईपर्यंतच टिकतो आणि यूएसबी कीबोर्डांवर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून तो केवळ चाचणीपुरता वापरावा. कायमच्या नोंदीसाठी वर सांगितलेलीच फाइल वापरावी. तिची पहिली ओळ ‘एव्हडेव्ह:इनपुट:बी००११व्ही०००१पी०००१*’ अशी होते आणि स्कॅनकोड म्हणून ई००५ नव्हे, तर डीमेसेज व एव्हटेस्ट दाखवतात तो ८५ हा आकडा लिहावा लागतो.

काही पीएस-टू कीबोर्डांवर डाव्या बाजूला पान सरकवण्याचे चाकही होते. मायक्रोसॉफ्टचा ऑफिस कीबोर्ड त्यांपैकी एक. त्या चाकासाठी कर्नलमध्ये खास सोय आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली असते. ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तिच्यातील कर्नलला सूचना देणाऱ्या ओळीत ‘एटीकेबीडी.स्क्रोल=१’ हे शब्द अवतरणचिन्हांच्या आत जोडावेत, डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. आयबीएमच्या रॅपिड ॲक्सेस आणि ईझी-की प्रकारच्या कीबोर्डांवरील जादा कळा व दिवे जागे करण्यासाठी याच ठिकाणी ‘एटीकेबीडी.एक्स्ट्रा=१’ लिहितात. इतक्या जुन्या वस्तूंसाठीची ही सोय कर्नलने सांभाळून ठेवली आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

कीकोड आहे, तरीही काम होत नाही

एव्हटेस्टमध्ये कीकोड व्यवस्थित दिसतो आणि तरीही डेस्कटॉप ढिम्म राहतो, असे होण्याचे एक मोठे कारण एक्स-इलेव्हनच्या जुन्या मर्यादेत आहे. एक्स-इलेव्हन कर्नलच्या कीकोडमध्ये ८ मिळवून स्वतःचा क्रमांक बनवते आणि तो क्रमांक २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे कर्नलचा २४७ पेक्षा मोठा कीकोड तिथपर्यंत पोहोचतच नाही. झूम वाढवण्याचा ४१८, झूम कमी करण्याचा ४१९ आणि शुद्धलेखन तपासण्याचा ४३२ हे कीकोड या कात्रीत सापडतात. अशा कळांना फाइलमधून लहान कीकोड द्यावा. त्यासाठी प्रॉग१, प्रॉग२, प्रॉग३ आणि प्रॉग४ ही नावे सोयीची आहेत; त्यांचे क्रमांक १४८, १४९, २०२ आणि २०३ आहेत आणि त्यांना आधीपासून कोणतेही काम जोडलेले नसते. एफ-थर्टीनच्या पुढच्या कळाही काही जण सुचवतात, परंतु त्यांतील काही मायक्रोफोन आणि टचपॅड बंद करण्यासाठी राखलेल्या असल्याने मी त्या टाळतो.

तिसरा टप्पा पाहण्यासाठी एक्स-इलेव्हनवर ‘एक्सईव्ही’ आणि वेलँडवर ‘डब्ल्यूईव्ही’ ही साधने आहेत. तिथे नाव दिसले की उरलेले काम डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये होते. ग्नोममध्ये कीबोर्ड, मग शॉर्टकट्स, आणि तिथे स्वतःचा शॉर्टकट जोडण्याची जागा आहे. केडीई आणि एक्सएफसीईमध्येही अशीच सोय आहे. आवाजाच्या कळा तिथे आधीच जोडलेल्या असतात. गाणे चालू-बंद करणाऱ्या कळेचे एखादा प्लेयर ऐकत नसेल, तर ‘प्लेयरसीटीएल प्ले-पॉज’ ही आज्ञा त्या कळेला जोडावी. फायरफॉक्स आणि क्रोमियममध्ये चालू असलेले गाणेसुद्धा ती थांबवते.

निरुपयोगी कळेचा उत्तम उपयोग

आमच्याकडे या सगळ्या खटाटोपाचे खरे फळ ईमेलच्या कळेने दिले. गोव्यात लिहिणाऱ्या माणसाला एकाच कागदावर देवनागरी आणि रोमन या दोन लिप्यांत सतत ये-जा करावी लागते. संहिता मराठीत, सूचना कोकणीत, तर पत्ता आणि विषयाची ओळ पुष्कळदा इंग्रजीत. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत असल्याने कीबोर्डाच्या मांडण्या दोनच पुरतात, पण दर वेळी दोन-दोन कळा एकत्र दाबून मांडणी बदलताना लिहिण्याची लय तुटते. वाचनालयात ईमेलची कळ कुणीही वापरत नव्हते. ग्नोमच्या शॉर्टकट्समधील टाइपिंग या भागात ‘पुढील इनपुट सोर्स’ बदलण्याचा जो शॉर्टकट आहे, त्याला ती एकच कळ दिली. ही कळ ईमेल उघडण्यासाठी आधीच वापरात असल्याचे सांगून ग्नोम परवानगी मागते, ती द्यावी. देवनागरीसाठी सरकारी इन्स्क्रिप्ट मांडणी आणि उच्चारानुसारी कगप मांडणी या दोन्ही लिनक्समध्ये मुळातच आहेत. ज्या डेस्कटॉपवर अशी एक कळ स्वीकारली जात नाही, तिथे ईमेलच्या स्कॅनकोडला फाइलमधून ‘स्क्रोललॉक’ हे नाव द्यावे आणि मांडणी बदलण्याच्या पर्यायांतून स्क्रोल लॉक निवडावे.

याउलट, एक कळ मुद्दाम मुकी करावी लागली. डिलीटच्या जवळ असलेली स्लीपची कळ एका मुलाच्या हातून दाबली गेली आणि टाइप करता करता संगणक झोपी गेला. पीएस-टू कीबोर्डांवर पॉवरचा स्कॅनकोड सहसा डीई, स्लीपचा डीएफ आणि जागे करण्याचा ई३ असतो. तरीही एव्हटेस्टमध्ये खात्री करून घ्यावी. फाइलमध्ये त्या स्कॅनकोडांपुढे ‘अननोन’ हा शब्द लिहिला की कळ दाबली तरी काहीही होत नाही.

सगळे जमल्यावर ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, कारण लिनक्स नव्याने इन्स्टॉल करताना ‘ईटीसी’ फोल्डर पुसले जाते. आमच्या कीबोर्डाच्या पाठीवर बस, व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे, बदललेल्या कळांचे स्कॅनकोड आणि फाइलचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि पावसात तिची शाई पसरू नये म्हणून तिच्यावर रुंद सेलोटेप लावली आहे.